काचेचे मणी आणि गोदाकाठची पांढर

मंडळी, तुमच्या गावाला पांढर आहे ना? असणारच. काळी आणि पांढरी ह्या दोन शब्दांत आपल्याकडे सगळे गाव सामावत असे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच जागी राहिली, घरे पडली, पुन्हा बांधली, चुलीची राख टाकली, शेणामातीचे थर साचले आणि त्यांची उंच टेकाडे झाली. ती माती भुसभुशीत आणि खताची असते म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकी. काही ठिकाणी अजूनही नेतात, फक्त बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला.

माझे आजोळ निफाड तालुक्यातले. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की आम्ही पोरे पांढरीवर पळायचो, कारण पाण्याने माती धुपून तिच्यातून मणी वर येत. तांबडे, हिरवे, निळसर. कोणी मोहरीएवढा, कोणी ज्वारीच्या दाण्याएवढा. आजी ते पितळेच्या वाटीत जमवी. एकदा तिने त्यांची माळ ओवून माझ्या बहिणीच्या बाहुलीला घातली. माळ तुटली, मणी अंगणात सांडले, काही कोंबड्यांनी टिपले असतील. त्या मण्यांचे वय दीड-दोन हजार वर्षे असू शकते हे मला फार पुढे कळले, आणि तेव्हा वाटीही गेली होती, आजीही गेली होती. आज त्या मण्यांविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. गुरुजी मंडळींनी थोडे जास्त लक्ष द्यावे, त्यांच्याकडे माझे शेवटी एक काम आहे.

नाशिक शहरात गोदावरीच्या काठी मातीची गढी नावाचे उंच टेकाड आहे. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शांताराम देव यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याच मोसमात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावीही त्यांनी खोदले. दोन्हींचा अहवाल १९५५ साली निघाला. गढीच्या पोटात ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांपासून थेट मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक बसलेले निघाले. अगदी खालच्या थरांत रंगीत मडकी आणि दगडी पात्यांची हत्यारे. त्यावर आले सातवाहनांचे नाशिक, म्हणजे ज्यांच्या काळात पांडवलेणी कोरली गेली त्यांचे. त्या थरांतल्या वस्तूंत काचेचे मणी आहेत. नंतर १९५४ ते १९५६ मध्ये प्रवरेकाठच्या नेवाशाला खोदले तेव्हाही हेच दिसले, आणि त्याआधी १९४५-४६ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरही.

आता कोणी म्हणेल, मणी तो मणी, त्यात एवढे काय? मडके फुटले तर त्याचा आकार तरी कळतो. तलवार सापडली तर राजा आठवतो. मण्यात पाहायचे काय?

पाहायचे ते हे. तुम्ही नांगरताना गारगोट्या लागतात. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत निसर्गाने ह्या गारा, अकीक आणि स्फटिक भरून ठेवले आहेत. विहीर खणताना तर कधी कधी असे झुंबर निघते की सुरुंग लावणाराही हातातले काम थांबवून पाहत राहतो. पांडवलेण्यांच्या आसपासच्या खाणींतून निघालेले हिरवट-पांढरे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. आपल्या जुन्या कारागिराने सर्वांत आधी नक्कल केली ती ह्या दगडांची. लाल अकीक घासून, भोक पाडून मणी करायला दिवस लागत. भोक पाडणे हेच सर्वांत चिकाटीचे काम. मग त्याच्या ध्यानात आले की वाळू आणि खार भट्टीत एकजीव केला तर पाघळलेला दगडच हातात येतो, त्याला हवा तो रंग देता येतो, आणि भोक पाडायलाच नको, ते घडवतानाच राहते. भारतात ही विद्या सुमारे तीन हजार वर्षांपासून दिसते. संस्कृतात काचमणी म्हणजे खोटा मणी, हलका मणी. मला स्वतःला हा त्या कारागिरावर अन्याय वाटतो. दगडाचा मणी घासणाऱ्याला निसर्गाने अर्धे काम करून दिलेले असते, काचवाल्याला रंगापासून सगळे स्वतः करावे लागते.

तो ते कसे करी? दोन रीती होत्या. एक गुंडाळण्याची. लोखंडी सळईला मातीचा पातळ लेप द्यायचा, भट्टीत मऊ झालेल्या काचेचा धागा तिच्यावर फिरवत फिरवत गुंडाळायचा, थंड झाल्यावर लेप सुटतो आणि मणी निघतो. ह्या मण्यात भिंगातून पाहिले तर भोकाभोवती वेढे दिसतात. दुसरी रीत ओढण्याची. काचेचा पोकळ गोळा करून तो दोघांनी ओढत नेला की वीतभर गोळ्याची लांबच लांब नळी होते. शेवयांचे पीठ हातावर लांबवताना तुमच्या घरी पाहिलेच असेल. फरक इतकाच की ही शेवई आतून पोकळ असते. मग नळीचे बारीक तुकडे करायचे आणि त्यांच्या धारदार कडा मोडाव्यात म्हणून राखेत घोळून पुन्हा तापवायचे. ह्या मण्यात रेषा भोकाला समांतर धावतात. आमच्या अंगणात सांडलेले मोहरीएवढे मणी बहुधा ह्या दुसऱ्या जातीचे असावेत. असले ओढीव मणी तमिळ किनाऱ्यावरच्या अरिकमेडूला मोठ्या प्रमाणावर होत आणि समुद्रापार मलायापर्यंत जात. आंध्रातल्या पापनायडूपेट गावी ही ओढण्याची रीत आपल्या काळापर्यंत जिवंत राहिली.

रंगाचे गणित तर आणखी नाजूक. तांब्याने मोरचुदी निळा-हिरवा येतो. पण तेच तांबे भट्टीची हवा कोंडून, धुरात तापवले तर दाट तांबडा येतो. एकच धातू, आणि रंग ठरतो वाऱ्यावर. जरा भाता जास्त चालला की सगळा घाणा वाया. लोखंडाने हिरवट, मँगॅनीजने जांभळा, कोबाल्टने गडद निळा. त्या माणसाकडे ना तापमापक ना रसायनशास्त्राचे पुस्तक. ज्योतीच्या रंगावरून तो ओळखत असणार, जसा लोहार पात्याच्या लालीवरून पाणी द्यायची वेळ ओळखतो.

आणि आकार! उत्खननांच्या अहवालांत मण्यांच्या आकारांना मोठी जड नावे असतात. आपण आपल्या भाषेत म्हणू: कोणी जवाच्या दाण्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. कोणी मिरीसारखा. कोणी डोळ्याचा, म्हणजे एका रंगावर दुसऱ्या रंगाचा ठिपका बसवलेला. एका जातीत दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख कोंडलेला असतो, दोन हजार वर्षे मातीत राहूनही तो चकाकतो. सर्वांत मला आवडतो तो आवळा. मणी गरम असतानाच बोथट पात्याने त्याच्यावर खाचा दाबायच्या, म्हणजे आवळ्यासारख्या फाका पडतात. हाच आवळा आपल्या मंदिरांच्या शिखरावर आमलक होऊन बसला आहे. तिथे तो दगडाचा आणि पुरुषभर, इथे काचेचा आणि वाटाण्याएवढा. त्याच काळात अकीक-स्फटिकातून कासव, मासा, सिंह अशी इवलीशी लोलके कोरीत. ती दाखवायला संग्रहालयाच्या कपाटात भिंग ठेवावे लागते.

हे मणी सगळे इथेच झाले असे मात्र समजू नका. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या समुद्रातल्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. ‘पेरिप्लस’ नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोच बंदरात काय काय उतरते ह्याची त्यात यादी आहे: दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, सोन्यारुप्याची नाणी, आणि कच्ची काच. कच्ची, म्हणजे घडवलेली नव्हे, नुसती ढेकळे. याचा अर्थ ती घडवणारे हात इथे होते. तोच लेखक सांगतो की भडोचपासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, १० दिवसांवर. परतीच्या गाड्यांतून पैठणचा अकीक बंदरावर जाई. त्याच शतकात प्लिनी हा रोमन ग्रंथकार लिहून गेला की भारतातली काच फुटक्या स्फटिकांपासून करतात, म्हणून तिच्या तोडीची दुसरी नाही. रसायनाच्या दृष्टीने त्याचे बरोबर आहे, स्फटिक आणि वाळू एकच. पण कौतुकात थोडी ऐकीव गोष्ट असावी, असे मला वाटते.

आता पांडवलेण्यांत जाऊ. तिथल्या लेखांत नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या, म्हणजे नाशिकशेजारच्या, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमचे ठेवल्याची नोंद आहे. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. मोठ्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला बारा-बारा कार्षापण वस्त्रांसाठी. मुलांकडून हा हिशेब करून घ्या, तंतोतंत जुळतो. नंतरच्या आभीर राजाच्या, ईश्वरसेनाच्या काळातल्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या आहेत. त्या घेणाऱ्यांत कुंभार आहेत, तेली आहेत, पाण्याची यंत्रे चालवणारे आहेत. काचेचे मणी करणारा कुठे नाही. ज्याच्याकडे ठेव ठेवावी एवढी त्याची पत नव्हती, की तो गावोगाव फिरणारा होता, लेख काही सांगत नाहीत. विणकराचे कापड एकही उरले नाही, पण त्याचे नाव दगडावर आहे. मणीवाल्याचे नाव कुठेच नाही, पण त्याचे काम तुमच्या शेतात पडले आहे.

पुढच्या हजार वर्षांत मण्यांपेक्षा बांगडी वरचढ झाली. नेवासे, कोल्हापूर, कुठेही बहमनी काळाच्या थरांपर्यंत खोदा, रंगीबेरंगी बांगड्यांचे तुकडे निघतात. एका रंगाच्या बांगडीवर दुसऱ्या रंगांच्या रेघा, ठिपके, पीळ. खोदणाऱ्यांना तो थर ओळखण्याची ती खूणच झाली. बांगडीला लागणारा खार कुठून येई? अकबराच्या दरबारी अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडातल्या लोणारची नोंद करताना तिथे काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते असे मुद्दाम लिहिले आहे. लोणारचे खारे सरोवर पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही. कासार दारोदार बांगड्या भरी, पण त्या घडवणारा काचारी वेगळा. त्याची भट्टी गावाबाहेर, धूर आणि जळण ह्यांमुळे. ह्या सगळ्या कारागिरीचा इतिहास डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी जुळवला. मुंबई विद्यापीठात १९६७ साली त्यांनी ह्या विषयावर व्याख्याने दिली आणि १९६९ साली त्यांचे पुस्तक झाले. ती व्याख्यानमाला पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या नावाची होती, ज्यांनी नाशिकच्या लेण्यांतले लेख वाचून १८८३ च्या गॅझेटियरसाठी दिले. एकाने दगडावरची नावे वाचली, दुसऱ्याने नाव नसलेल्यांचे काम वाचले.

मग काचारी गेला कुठे? एकोणिसाव्या शतकात आगबोटींतून विलायती बांगडी आली. विलायती म्हणजे इंग्लंडची नव्हे बरे का! ती यायची युरोपच्या मध्यावरच्या बोहेमियातून, गाब्लोंझ नावाच्या डोंगरी गावाच्या परिसरातून. आज ते गाव चेक देशात आहे आणि त्याला याब्लोनेत्स म्हणतात. तिथे घराघरांत दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून मणी आणि खडे करीत. स्वस्त, चकचकीत, हव्या त्या मापाच्या. आपल्या गावाबाहेरच्या भट्ट्या विझल्या.

पण गंमत पाहा. त्याच उत्तर बोहेमियात, गाब्लोंझहून फार दूर नसलेल्या एका गावात १८२२ साली लिओपोल्ड ब्लाश्का जन्मला. घरचा धंदा काचेचे दागिने आणि काचेचे डोळे करण्याचा. बायको आणि मग बाप वारले, मन रमेना, म्हणून १८५३ साली तो अमेरिकेच्या गलबतावर चढला. वारा पडला, गलबत दिवसेंदिवस समुद्रात थबकून राहिले. रात्री पाण्यात चमकणारे पारदर्शक जलचर त्याने पाहिले, आणि हे तर काचेचेच आहेत असे त्याच्या मनाने घेतले. पुढे ड्रेस्डेनला राहून त्याने समुद्रातल्या मऊ जिवांच्या काचेच्या प्रतिकृती करायला घेतल्या, कारण ते जीव बरणीत ठेवले की रंग आणि आकार दोन्ही जातात. त्याचा मुलगा रुडॉल्फ, जन्म १८५७, त्याच कामात वाढला.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज गूडेल नावाचे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते. गुरुजी, तुमचीच अडचण त्यांची होती. थंडीत फुले नाहीत, वाळवलेली फुले तपकिरी, मेणाची फुले ओबडधोबड. ते १८८६ साली ह्या बापलेकांच्या दारात जाऊन उभे राहिले. १८८७ ते १९३६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे काम चालले, खर्च वेअर घराण्यातल्या मायलेकींनी उचलला, आणि सुमारे ७८० जातींच्या वनस्पतींच्या ४३०० च्या आसपास काचेच्या प्रतिकृती झाल्या. फूल तर आहेच, शिवाय कापलेल्या बीजकोशाचा मोठा करून दाखवलेला छेद आहे, परागकण आहेत, कीड लागलेली फळे आहेत. साधने काय? दिवा, पायाने चालवायचा भाता, चिमटे. लोकांना वाटे यांच्याकडे काही गुप्त यंत्र आहे. लिओपोल्डने एका पत्रात हसून लिहिले की गुपित काही नाही, हाताची जाण हवी आणि ती पिढ्यांनी वाढते. चांगला काचकाम्या व्हायचे तर काचेवर प्रेम करणारा पणजोबा शोधावा. लिओपोल्ड १८९५ ला गेला, रुडॉल्फ १९३९ ला. त्याला मूलबाळ नव्हते, शागीर्द त्याने ठेवला नव्हता. ते हात तिथे थांबले.

आपल्याकडे असे किती पणजोबा थांबले ते कोण मोजणार? पण एक प्रयत्न मात्र झाला, आणि तो थोरामोठ्यांच्या नव्हे, तुमच्या-आमच्या आजोबांच्या पैशावर झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या डोक्यात कल्पना आली की दर माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभारावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. ह्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. काचच का? कारण परदेशी मालाने भरलेल्या घरात सुवासिनीचा हात आणि दिव्याची चिमणी ह्या दोन जागी ती रोज डोळ्यांपुढे होती. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे पहिले मार्गदर्शक झाले. नुसता माल काढणे नव्हे, मुलांना भट्टी आणि फुंकनळी शिकवणे हे त्या जागेचे खरे काम होते, आणि तिथे शिकलेली माणसे देशभरच्या कारखान्यांत गेली. पाठोपाठ १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील माहीत नसलेले घर खेड्यात विरळाच होते. कंदील गेला, तो कारखानाही थांबला. गावाचे नाव ओगलेवाडी मात्र राहिले.

यातून बांगडी आणि चिमणी परत आली, पण आवळ्याच्या फाका पाडणारा हात काही परत आला नाही. काळ्या पोतीचे मणी आज आपल्याकडे बहुधा बाहेरून येतात. ज्योतीवर काच वळवून पक्षी, पाने, मणी करणारे आहेत ते बनारसेत, आणि त्या मण्यांना आता सरकारी भौगोलिक मानांकनही आहे. आपल्याकडे जत्रेत कधी काळी एखादा माणूस छोट्या ज्योतीवर काचेची कांडी फिरवून मोर किंवा हंस करून देताना दिसतो. पोरे त्याच्याभोवती गोळा होतात. त्याला त्याचे गाव आणि त्याचा गुरू कोण हे विचारून ठेवत जा.

आता गुरुजींकडचे काम. पांढरीची माती अजून उचलली जाते, गढीचा कडा पावसाळ्यात अजून ढासळतो. मणी एकटा असला की तो नुसता सुंदर असतो. कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, किती हात खोल होता हे कळले तरच तो बोलतो. तेव्हा मुलांनी मणी आणला तर ओवू देऊ नका, धुऊ नका. कागदाच्या पुडीत ठेवून वर गाव, शेताचे नाव, पांढरीची कोणती बाजू, तारीख आणि मुलाचे नाव लिहा. मग राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघणाऱ्या अशा वस्तू आयुष्यभर जपल्या. त्या पुढे शासनाकडे आल्या आणि आज तेरला त्यांच्याच नावाचे संग्रहालय आहे. ते कोणी पदवीधर पुरातत्त्वज्ञ नव्हते. तिथे सहल नेण्यासारखी आहे.

गेल्या वर्षी आजोळच्या घराची साफसफाई करताना भिंतीच्या कोनाड्यात, दिव्याच्या काजळीखाली मला एक मणी सापडला. तांबडा, मोहरीहून जरा मोठा, भोकाला समांतर बारीक रेघा. मी त्याची पुडी केली आहे. वर गावाचे नाव लिहिले, आजीचे नाव लिहिले. पांढरीची बाजू आणि खोली ह्यांपुढची जागा कोरी आहे.